दोडका न खाणारे दोन मन्मथ

बापूसाहेबांनी क्लासच्या दारावर नवा फ्लेक्स लावला, त्या दिवशी शिवकांताबाई औशाहून सकाळच्या बसने लातूरला उतरल्या आणि गल्लीत शिरल्या. फ्लेक्स बघून त्यांना आधी वाटलं, आपल्याला ऊन लागलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'फाईव्ह-जी कोअर नेटवर्क, लातूर पॅटर्नने. बाराशे वस्तुनिष्ठ प्रश्न, शंभर टक्के पाठ.' खाली हात जोडलेले बापूसाहेब, क्लासच्या लँडलाईनचा नंबर, आणि बाजूला मोबाईलचा टॉवर. टॉवरवर एक पोरगा चढलेला, त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप. मागच्या वर्षीचा फ्लेक्स मेडिकल प्रवेशाचा होता. पोरगा बापूसाहेबांनी तोच ठेवला होता.

"सर, टॉवर कोअरमध्ये येत न्हाई," शिवकांताबाई म्हणाल्या.

"येत नाही?"

"टॉवर भाईर असतंय. कोअर आत असतंय. टॉवर म्हंजे नुसता कान, अन् कोअर म्हंजे डोकं."

"बघा! म्हणूनच तर तुम्हाला घेतलं," बापूसाहेब खूश होऊन म्हणाले. टॉवर मात्र तसाच राहिला.

बापूसाहेबांचा क्लास जुना. वीस वर्षं त्यांनी पोरांकडून झाडांची आणि हाडांची नावं पाठ करून घेतली होती. पण करोनानंतर गल्लीत पाचमजली क्लास उभे राहिले, लिफ्टवाले, एसीवाले, आणि बापूसाहेबांचे बाक रिकामे पडायला लागले. तेवढ्यात पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, सध्या कोअरच्या माणसांना मागणी आहे." कोअर म्हणजे काय हे त्याने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. आठ दिवसांत जाहिरात, पंधरा दिवसांत सव्वीस विद्यार्थी. शिकवणार कोण, हा प्रश्न सोळाव्या दिवशी पडला.

शिवकांताबाईंनी एकोणतीस वर्षं औशाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसल्यावर दोन वर्षांत त्यांनी लोणच्याचे अकरा प्रकार घातले. बाराव्याला घरच्यांनी हात जोडले. म्हणून बापूसाहेबांचा निरोप आला तेव्हा त्यांच्या आधी घरचेच हो म्हणाले.

कोअरचं पुस्तक चार बोटं जाड होतं. बाई ते येता-जाता बसमध्ये वाचायच्या. पहिला आठवडा काही कळेना. पानापानावर नुसती आद्याक्षरं, एएमएफ, एसएमएफ, यूपीएफ, पीसीएफ, जणू कुणी इंग्रजी मुळाक्षरांचा डबा उपडा केलाय. दुसऱ्या आठवड्यात, बस बुधोड्याजवळ आली असताना, त्यांनी पुढच्या सीटवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, ही तर मीच हाय की!"

"काय झालं, मावशी?" कंडक्टरने विचारलं.

"काही न्हाई. माझं नाव एएमएफ होतं, मला आज कळलं."

आणि ते खरंच होतं. जुन्या काळी कुणी फोन उचलला की नुसत्या खोकल्यावरून कोण बोलतंय ते बाई ओळखायच्या. डॉक्टर दवाखान्यात नाहीत, आज सोमवार, म्हणजे ते सासुरवाडीला असणार, असं म्हणून परस्पर तिकडे लाईन जोडायच्या. तहसीलदाराचा फोन आधी, सोयरीक मोडायचा फोन सगळ्यात शेवटी, हा त्यांचा स्वतःचा कायदा. पुस्तकाने त्यांच्या एकेका सवयीला वेगळं नाव देऊन वेगळ्या चौकोनात बसवलं होतं, एवढंच. दारावर नोंद करणारा एक, ओळख पटवणारा दुसरा, रस्ता ठरवणारा तिसरा, नियम सांगणारा चौथा. आणि नवी अक्कल एकच होती, बोलणारे वेगळे आणि वाहणारे वेगळे. वाहणाऱ्याने निरोप न्यायचा, उघडून बघायचा नाही. ही अक्कल मात्र एक्स्चेंजमध्ये कुणाला नव्हती, हे बाईंनी मनातल्या मनात कबूल केलं.

पण वर्गात शिकवायला गेल्या तर भलतंच.

"फोन चालू केला की पहिल्यांदा काय होतं?" त्यांनी विचारलं.

सव्वीस पोरं एका सुरात ओरडली, "पर्याय क!"

"मी पर्याय दिलेच न्हाईत."

पोरं एकमेकांच्या वह्यांत बघायला लागली. मग पहिल्या बाकावरची मालविका उभी राहिली. बँकेतल्या कारकुनाची मुलगी, प्रत्येक टेस्टला पहिली, वहीचा एक कोपरा दुमडलेला नाही. ती नम्रपणे म्हणाली, "मॅडम, पर्याय न देता प्रश्न विचारणं सिलॅबसमध्ये नाही."

बाईंनी पुस्तक मिटलं, खडू घेतला आणि सगळ्यांना मागच्या अंगणात नेलं. फरशीवर चौकोन काढले. दाराशी टेबल टाकून मालविकाला रजिस्टर दिलं, "तू एएमएफ. कोण आलं, कुठं हाय, सगळं तुझ्याकडं." उदगीरची अंबिका बोलायला फटकळ होती, तिला नियमांच्या चौकोनात उभं केलं. देवणीचा वीरेश अभ्यासात यथातथा, पण अंगाने बैलासारखा. "तू यूपीएफ. उचलायचं अन् पोचवायचं. उघडायचं न्हाई."

"डबा असला तरी न्हाई?" वीरेशने काळजीने विचारलं.

"डबा असला तर अजिबातच न्हाई."

डबे आणायच्या सरजाबाई. गल्लीतल्या चौदा हॉस्टेलांना त्यांच्याच मेसचं जेवण. रोज साडेबाराला त्या या क्लासचे डबे घेऊन यायच्या, आणि बाईंनी ठरवलं की आजपासून सरजाबाई म्हणजे मोबाईल.

"नाव?" मालविकाने विचारलं.

"अगं, रोज तुला पोळी देते की मी!"

"नाव सांगा, मावशी. मग ओळख पटवू, मग नियम बघू, मग रस्ता देऊ."

"अन् तवर आमटी?"

"आमटी रांगेत राहील."

पहिल्या दिवशी सरजाबाई चिडल्या. दुसऱ्या दिवशी डबे दाराशी आपटून गेल्या. चौथ्या दिवशी मात्र त्या लांबूनच ओरडल्या, "सरजाबाई, मेस, डबे सव्वीस, जेवण गरम, नियमात बसतंय, रस्ता सोडा!" आणि बाईंनी टाळी वाजवली. त्याच दुपारी बापूसाहेबांना त्यांच्याच क्लासमध्ये पंधरा मिनिटं बाहेर उभं राहावं लागलं, कारण मालविकाच्या रजिस्टरात त्यांचं नाव नव्हतं. तिने ते नंतर घातलं, पण 'पाहुणे' या रकान्यात.

महिन्याभराने नांदेडहून गंधार नावाचा तरुण इंजिनिअर आला. त्याच्या मोबाईल कंपनीची मोठी इमारत नांदेडला होती, आणि तीन-चार पोरं प्रशिक्षणाला घ्यायची त्याला मुभा होती. इस्त्रीचा शर्ट, टोकदार बूट, हातात लॅपटॉपची बॅग. बापूसाहेब हार घेऊन दारात उभे होते. पण आधी मालविका आडवी आली.

"नाव गंधार. घर कुठलं?"

"नांदेड."

"मग तुम्ही रोमिंगवर आहात. तुमची ओळख आमच्याकडे नाही, नांदेडला विचारावी लागेल." आणि तिने खरोखर त्याच्या ऑफिसला फोन लावून विचारलं, "गंधार नावाची व्यक्ती तुमचीच का? लातूरला सेवा द्यावी का?"

पलीकडून कुणी तरी म्हणालं, "आमचाच आहे, पण जेवायला जास्त देऊ नका, दुपारी झोपतो."

बापूसाहेबांनी घाईने गंधारच्या गळ्यात हार घातला. तेवढ्यात जमीन घुरघुरली.

पावणेबारा वाजले होते. जमिनीखालून कुणी भरलेली बैलगाडी खडकावरून ओढत न्यावी, तसा आवाज झाला. खिडक्या थरथरल्या, भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. सात-आठ सेकंद, बस. लातूरच्या माणसाला भूकंप समजावून सांगावा लागत नाही. मिनिटाभरात चौदा हॉस्टेलं रस्त्यावर रिकामी झाली. कुणी टॉवेलवर, कुणी अंगाला साबण लावलेला, कुणी उशी घेऊन, कुणी उत्तरपत्रिका छातीशी धरून. एकाने पहिल्या मजल्यावरून उडी मारली ती थेट खालच्या गादीवाल्याच्या पिंजलेल्या कापसात. तो दोन मिनिटं कुणाला सापडेना, आणि सापडला तेव्हा तो आजोबांसारखा पांढरा होता. इजा कुणालाच झाली नाही. एका भिंतीला तडा दिसला, पण मालक म्हणाला तो जुनाच आहे, आणि भाडेकरूही पहिल्यांदाच त्याच्याशी सहमत झाले.

शिवकांताबाई अंगणात खाली बसल्या आणि त्यांनी तळहात जमिनीवर टेकला. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटेनंतर त्या औशाच्या बोर्डावर दोन दिवस बसून होत्या. लोक गावांची नावं सांगायचे, बाई घंटी वाजवायच्या, आणि कितीतरी ठिकाणी उचलणारं कुणी नव्हतं. ते त्या कुणाशी बोलत नसत. जमीन गप्प झाल्याची खात्री पटल्यावर त्या उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "आता सगळे फोन लावतील."

सगळे लावतच होते. आणि एकाचाही लागत नव्हता.

"मेला काय हो तुमचा फोन?" मेसमधून आमटीचं भांडं हातात घेऊनच पळत आलेल्या सरजाबाईंनी गंधारला विचारलं. त्याच्या टोकदार बुटांवर आमटी सांडली होती आणि तो स्वतःचाच मोबाईल हवेत धरून फिरत होता.

"मेला नाही, मावशी. दारावर गर्दी झालीय. पन्नास हजार लोक एकाच वेळी म्हणताहेत, मला आत घ्या. सगळ्यांना घेतलं तर कोअर कोसळेल, म्हणून दार थोड्यांनाच घेतं आणि बाकीच्यांना थांबा म्हणतं. तासाभरात ओसरेल."

"तासाभरात माझ्या डोक्यावर पालक पडतील," बापूसाहेब म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या केबिनमधला लाल फोन वाजला. तो वर्षभरात वाजला नव्हता. नंबर सगळ्या फ्लेक्सवर आणि प्रगतिपुस्तकांवर छापलेला, म्हणून बापूसाहेबांनी तो ठेवला होता, आणि वर प्लास्टिकची फुलं. सगळे त्याच्याकडे साप निघाल्यासारखे बघत राहिले. बाई पुढे झाल्या, फुलं बाजूला केली, रिसीव्हर उचलला आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "बोला, लातूर."

"देवणीहून वीरभद्र बोलून राहिलो," पलीकडून आवाज आला. हा वीरेशचा बाप, बैलांचा व्यापारी. "आमचा वीरेश हाय का?"

"हाय. माझ्यासमोर केळ खाऊन राहिला."

"मग झकास. बाई, हिथं माझ्याजवळ सात जण उभे हायेत. त्यांची लेकरं तुमच्याच गल्लीत हायेत, मोबाईल लागंना. जरा बघता का?"

बाईंनी एकदा अंगणाकडे पाहिलं. फरशीवर खडूचे चौकोन होतेच.

"मालविका, टेबल रस्त्यावर घे," त्या म्हणाल्या. "कुठलं हॉस्टेल आता कुठं जाऊन उभं राहिलंय, शाळेच्या मैदानावर का मंदिराच्या मांडवात, लिहून काढ. अंबिका, कुणाचा निरोप आधी ते तुझ्याकडं. वीरेश, पळायची तयारी ठेव. गंधारसाहेब, तुम्ही पण."

"मी?"

"तुमचं कोअर बंद हाय. मोकळेच हायेत की."

देवणीच्या सातांनी निलंग्याला सांगितलं, निलंग्याने देगलूरला, देगलूरने हदगावला, आणि लाल फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. पण नावं सारखीच. तीन ओंकार, चार गणेश, आडनावं त्याहून सारखी. भलत्याच पोराची खबर भलत्याच आईला गेली तर जिवाला घोर. खरी ओळख पटवायची कशी?

"सिममध्ये एक गुपित असतं," बाई मोठ्यानं विचार करत म्हणाल्या. "तेच गुपित कोअरच्या वहीत असतं. दोन्ही जुळलं की माणूस खरा. घरी अन् हिथं, दोन्हीकडं ठाऊक असलेलं काय हाय?"

"कोण डब्यात काय टाकून देतंय, ते," सरजाबाई म्हणाल्या. "घरी आईला ठाऊक, हिथं मला."

"यादी हाय?"

"यादी कशाला? चारशे पोरांचं पाठ हाय मला."

झालं. सरजाबाईंना खुर्ची मिळाली. बाई फोनवर विचारायच्या, "तुमचं लेकरू काय खात न्हाई?" आया ताबडतोब सांगायच्या, मेथी, कारलं, शेपू. बापांची मात्र पंचाईत. एक बाप म्हणाला, "तो सगळं खातो." मागून त्याची बायको ओरडली, "कधी बघितलंत? भोपळा बघून ताट फेकतो!" सरजाबाई मान डोलवायच्या, "भोपळा. बरोबर. मुरूडचा गणेश." मग मालविका रजिस्टर बघून जागा सांगायची, आणि वीरेश चिठ्ठी घेऊन धावायचा.

अंबिकाचे नियम कडक होते. आई पहिली, मग आजी, मग बाप. मामा आणि आत्याचे यजमान सगळ्यात शेवटी.

"आज पाचची टेस्ट होणार का?" एका बापाने विचारलं.

"हा सवाल आज बंद हाय, काका," अंबिका रिसीव्हरात तोंड घालून म्हणाली.

"मग मागच्या टेस्टचे मार्क?"

"ते पण बंद. लेकरू जिवंत हाय, एवढाच पर्याय आज."

निरोप जात होते, येत होते. 'आई विचारते, भ्यालास का आणि आंघोळ केलीस का.' उत्तर, 'थोडा भ्यालो. आंघोळ अर्धी.' गंधारच्या बुटाचा एक तळवा निघाला, तो एका पायाने फटक फटक आवाज करत मैदानापासून मंदिराच्या मांडवापर्यंत पळत होता आणि प्रत्येक चकरेला थोडा जास्त खूश दिसत होता.

याच गडबडीत निलंग्याच्या रेवणप्पा बिरादारांचा फोन आला. त्यांचं किराणा दुकान. "पोरगा मन्मथ. कसा हाय तेवढं सांगा."

"काय खात न्हाई?"

रेवणप्पांनी आत ओरडून विचारलं आणि म्हणाले, "दोडका."

"मन्मथ बिरादार, दोडका, बरोबर," सरजाबाई म्हणाल्या. "शाळेच्या मैदानावर," मालविका म्हणाली. वीरेश पळाला आणि मैदानावरच्या मन्मथ बिरादारकडून घडी केलेली चिठ्ठी घेऊन आला. बाईंनी ती उघडली आणि जशीच्या तशी फोनवर वाचली. निरोपात आपला शब्द घालायचा नाही, हा त्यांचा एकोणतीस वर्षांचा नेम. "'मी बरा आहे. बायोलॉजी नको झालंय. घरी येऊ का?'"

पलीकडे तराजूतली वजनं काढून ठेवल्याचा खणखणाट झाला. मग रेवणप्पा म्हणाले, "ये म्हणावं. दुकानात माणूस पायजेच हाय."

हे उत्तर न्यायला वीरेश नव्हता, म्हणून गंधार गेला. तो मैदानावर न जाता सवयीने मांडवात गेला, विचारलं, "मन्मथ बिरादार कोण?" आणि एका चष्मेवाल्या मुलाने हात वर केला.

दीड वाजता मोबाईल हळूहळू लागायला लागले. तोवर एकशे चाळीसच्या वर निरोप पोचले होते. बापूसाहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि टेबलावर उभं राहून भाषण करायला घेतलं. ते ऐकायचं नाही असा अंबिकाने नियम काढला.

चार वाजता लाल फोन पुन्हा वाजला. देगलूरचे हेडमास्तर हणमंतराव बिरादार होते. आवाज पट्टीसारखा सरळ. "माझ्या मुलाचा मोबाईल सकाळपासून बंद आहे. त्याच्याकडून काहीच निरोप नाही. मन्मथ बिरादार."

बाईंनी सरजाबाईंना हाताने जवळ बोलावलं. "काय खात न्हाई तो, सर?"

"दोडका."

सरजाबाईंनी जीभ चावली. "अगं माझे आई! दोडकं टाकणारे मन्मथ दोन हायेत. एक देगलूरचा, एक निलंग्याचा."

मालविकाने रजिस्टर उघडलं. मन्मथ बिरादार, मैदान. त्याखाली मन्मथ बिरादार, मंदिराचा मांडव, आणि त्यावर तिनेच मारलेली काट, पट्टीने, अगदी सरळ. "मॅडम, मला वाटलं एकच नाव दोनदा आलंय," ती म्हणाली आणि रडायला लागली. आयुष्यातली पहिली चूक, तीसुद्धा पेनने केलेली.

म्हणजे झालं होतं ते असं. बायोलॉजी नको म्हणणारा पोरगा देगलूरच्या हेडमास्तरांचा. त्याचा निरोप निलंग्याच्या किराणा दुकानात गेला. दुकानदाराने 'ये' म्हटलं, ते त्याच्या स्वतःच्या पोराला पोचलं. आणि हा निलंग्याचा मन्मथ म्हणजे बायोलॉजीत गल्लीत पहिला, झोपेतही पानाफुलांची लॅटिन नावं पुटपुटणारा. बापाची आज्ञा वाचून तो मांडवातच रडला, आणि आज्ञाधारक असल्यामुळे दोनची बस पकडून दुकानात बसायला निघूनही गेला.

बाई हेडमास्तरांना "दहा मिनिटांनी परत लावा" म्हणाल्या आणि स्वतः मैदानावर गेल्या. देगलूरचा मन्मथ क्रिकेटच्या रोलरवर एकटाच बसला होता, बंद मोबाईल हातात. त्यांना बघून उठला.

"अण्णा काय म्हणाले?"

"तुझे अण्णा काहीच म्हणाले न्हाईत, बाळा. तुझा निरोप निलंग्याच्या एका किराणा दुकानात गेला."

तो आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला. "दुकानवाले काय म्हणाले?"

"ये म्हणाले."

"बघा," तो म्हणाला. "दुसऱ्याचा बाप लगेच हाव म्हणतो."

"परत पाठवू का चिठ्ठी?"

"नको. आता हिंमत न्हाई. सकाळी भूकंप होता म्हणून आली होती."

लाईन जोडून देणं बाईंना येत होतं, लाईनवर काय बोलावं हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "चिठ्ठी राहू दे. फोन चालू हाय. तू ये अन् नुसतं हॅलो म्हण. पुढचं न्हाई जमलं तर मी लाईन कट झाली म्हणते."

फोन पुन्हा वाजला तसे सगळे केबिनच्या दाराला कान लावून उभे राहिले. बाईंनी सगळ्यांना हाकललं, पण त्या स्वतः रिसीव्हर देण्याच्या निमित्ताने तिथेच थांबल्या.

"अण्णा, मी मन्मथ. बरा हाय."

"हं."

"अण्णा... मला दोडका आवडत न्हाई."

"ते माहीत आहे मला. आताच सांगितलंय त्या बाईंना," हणमंतरावांचा आवाज थोडा सैल झाला. "पाच वर्षांचा असताना माझ्या टोपीत लपवला होतास."

मन्मथने एकदा बाईंकडे पाहिलं. डोळे मिटले. "अन् बायोलॉजीपण," तो म्हणाला.

बाईंचा हात लाईन तोडायला अर्धा पुढे गेला होता. मग पलीकडून हेडमास्तर म्हणाले, "रविवारी येतो. बोलू आपण. जेवलास का?"

त्या संध्याकाळी गंधार एक बूट हातात घेऊन नांदेडला परत गेला. जाण्याआधी त्याने प्रशिक्षणासाठी अंबिकाचं नाव लिहिलं, वीरेशचं लिहिलं आणि मालविकाचं लिहिलं. मालविका डोळे पुसत म्हणाली, "सर, मी तर चूक केली."

"म्हणूनच," गंधार म्हणाला. "आता तू आयुष्यात कुणाच्या नावावर काट मारणार नाहीस. आम्हाला तसाच माणूस पाहिजे. आणि मी तरी कुठे मैदानावर गेलो?"

निलंग्याला बाईंनी त्याच दिवशी फोन करून सगळा घोटाळा सांगितला होता. रेवणप्पा म्हणाले होते, "आता आलाच हाय तर राहू द्या दोन दिवस. दुकान तरी कळंल."

तिसऱ्या दिवशी दुपारी रेवणप्पा स्वतःच क्लासच्या दारात उभे राहिले. कपाळावर भस्माचे पट्टे, खांद्यावर उपरणं, आणि मागे चष्मेवाला मन्मथ, पुस्तकांची बॅग पाठीला.

"डब्याचं विचारणाऱ्या बाई तुम्हीच का?" त्यांनी शिवकांताबाईंना विचारलं.

"हाव. चूक झाली, अण्णा. माफ करा."

"चुकीचं सोडा. ह्याला परत घ्या." त्यांनी उपरण्याने घाम पुसला. "मी एक दिवस मार्केट यार्डात गेलो, तेवढ्यात ह्यानं सगळं दुकान नव्यानं लावलं. हळद, आलं अन् विलायची शेजारी शेजारी. का, तर म्हणे एकच कूळ. मिरची, बटाटा अन् तंबाखू एका फळीवर. ते पण म्हणे सख्खे भाऊ. गिऱ्हाईक तूरडाळ मागायला आलं, तर हा म्हणतो, शेंगदाण्याच्या घरात बघा. म्हातारी माणसं दुकानात शिरून रस्ता चुकून राहिली, बाई!"

"अण्णा, ते शास्त्रीय वर्गीकरण आहे," मन्मथ हळूच म्हणाला.

"ऐकलंत? डॉक्टर करा, वैद्य करा, काय करायचं ते करा. पर ह्याला माझ्या फळ्यांना हात लावू देऊ नका."

मन्मथच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी पहिल्यांदा उजेड आला. तो वाकून वडिलांच्या पाया पडला आणि उठल्या उठल्या गल्लीतल्या आपल्या बायोलॉजीच्या क्लासकडे सुटला, कुठला धडा बुडला ते विचारायला.

सरजाबाईंनी रेवणप्पांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला, बाईंना हात जोडले आणि निलंग्याची बस गाठायला निघाले. दारापर्यंत जाऊन ते थांबले, वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, एवढं त्याला जरा विचारून ठेवा. मीठ कुठल्याच कुळात बसंना म्हणत होता. कुठं ठेवलंय, ते अजून सापडलं न्हाई."